सदतीसच्या आत

दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर मोबाईल हातातून खाली ठेवायचा नाही, असं माझं दोन वर्षं चाललं आहे. संगमनेरच्या स्टँडजवळ लॅब आहे. तिथली मुलगी आता न विचारता माझी डावी बाही वर करते. उजव्या हाताची शीर केमोत जळाली, तिथे सुई जात नाही, हे तिला पाठ झालंय.

रिपोर्टमध्ये मला दोनच आकडे बघायचे असतात. एकाचं नाव सीईए, दुसऱ्याचं सीए १९-९. माझं जठर कॅन्सरमुळे सगळंच्या सगळं काढलेलं आहे. नगरच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एस्टीत चढल्यावर माझ्या तोंडून अजून नगरच निघतं. घरी सोडताना तिथले सर्जन म्हणाले होते, "गाठ काढली, आजूबाजूचंही साफ केलंय. पण डोळ्याला न दिसणारं काही राहिलं असेल तर ते बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत डोकं वर काढतं. कधी कधी त्याची चाहूल रक्तात आधी लागते. कधी कधी लागत नाही." यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलं की नाही, मला आठवत नाही. ऐकलंच असणार. बाई शेजारी होत्या, त्यांनी तर ऐकलंच.

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. मिशनच्या शाळेत मराठी आणि गणित शिकवून रिटायर झाल्या. गावात सगळे त्यांना टीचरबाई म्हणतात, मी नुसतं बाई म्हणतो. मी कुडाळकडचा. आठवीत शाळा सोडली, सतराव्या वर्षी एका शेडच्या ठेकेदाराबरोबर पत्रे ठोकायला इकडे आलो. ठेकेदार गेला, मी राहिलो. आधी दूध डेअरीत कॅन धुतले, मग काट्यावर बसलो, मग दूध तपासायच्या मशीनवर. बाईंच्या अंगणातल्या खोलीत वीस वर्षं भाड्याने आहे. लग्न झालं नाही, का झालं नाही ते इथे सांगत बसत नाही. माझ्या पोटात दुखायचं तेव्हा मी ॲसिडिटीच्या गोळ्या खायचो. शौचाला काळं होतंय हे बाईंना कळलं, कारण आमचा संडास एक आहे आणि त्या शाळामास्तरीण आहेत, त्यांना विचारायची लाज वाटली नाही. त्यांनीच मला नगरला नेलं. त्यांची भाची तिथे नर्स आहे, तिच्यामुळे आत शिरायला वाट मिळाली. ऑपरेशननंतर बावीस दिवस बाई माझ्या उशाशी होत्या. माझ्या रक्ताचं इथे कोणी नाही, तरी माझं सगळं झालं. हे मी रोज एकदा तरी मनात म्हणतो. भीती वाटायला लागली की जास्त वेळा म्हणतो.

रिपोर्ट आला की मी मोबाईल घेऊन बाईंच्या स्वयंपाकघरात जातो. बाई चष्मा पुसतात, मोबाईल लांब धरतात आणि आधी सीए १९-९ वाचतात. दर वेळी तोच आकडा. दोनच्या आत. मशीनला त्याच्याखाली मोजता येत नाही म्हणून दोनच्या आधी एक लहानशी खूण असते, बस. आणि शेजारी लिहिलेलं असतं की सदतीसपर्यंत चालतं.

"सदतीसपर्यंत चालतं आणि तुझे दोन पण नाहीत," बाई म्हणायच्या. "अरे, शाळेत कधी एवढा चांगला निकाल लागला होता का तुझा?"

"शाळेत सदतीस पडले असते तरी मी शिकलो असतो, बाई."

मग त्या अर्धा पेढा मला द्यायच्या आणि अर्धा स्वतः खायच्या. अख्खा मला झेपत नाही. जठर नसलं की गोड एकदम आतड्यात उतरतं, घाम फुटतो, हातपाय गळतात. अर्ध्या पेढ्यावर आमचा सण व्हायचा. भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरवर बाई त्या तारखेच्या चौकटीत लाल पेनने लिहायच्या, दोनच्या आत.

सीईए आम्ही नंतर वाचायचो. त्याची हद्द पाचची. ऑपरेशनच्या आधी माझा एकवीस होता असं सर्जनांनी तोंडी सांगितलं होतं, नंतर एक पॉइंट आठवर आला होता. पुढे दोन पॉइंट तीन. मग दोन पॉइंट दोन. मग तीन पॉइंट एक. त्यानंतर तीन पॉइंट नऊ. प्रत्येक वेळी पाचच्या आत. तो आकडा बाई मनात वाचायच्या आणि म्हणायच्या, "हाही ठीक आहे." कॅलेंडरवर त्या तो लिहायच्या नाहीत. मी कधी विचारलं नाही का लिहीत नाही. मलाही तो लिहिलेला नको होता.

वजन मी डेअरीतल्या काट्यावर करतो, शेवटचा कॅन उतरला की. सत्तावन्नचे छप्पन झाले, छप्पनचे साडेपंचावन्न. दूध घालायला येणारे म्हातारे बघत असतात. एकजण म्हणाला, "कोकण्या, तुझ्यात फॅटच न्हाई, काटा काय दावनार?"

"एसएनएफ बघतोय, तात्या."

"व्हय, त्यो तरी शिल्लक ठेव."

फॅट सोडून दुधात जो बाकीचा ऐवज उरतो तो एसएनएफ. सगळे हसले, मी पण हसलो. त्याच माणसाने माझ्या ऑपरेशनच्या वेळी गावातले सहा जण टेम्पोत घालून रक्त द्यायला नगरला नेले होते, त्यामुळे त्याने काहीही म्हटलं तरी मला चालतं.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात. दूध ढवळून चमचाभर नमुना मशीनच्या नळीखाली धरायचा. काचेवर फॅट येतो, एसएनएफ येतो, त्याची चिठ्ठी निघते. वीस वर्षांत या कामाने मला एक गोष्ट शिकवली. जनावराचं दूध रोज सारखं नसतं. पाऊस लागला, ओला चारा पडला, गाय माजावर आली, वासरू आजारी पडलं, तर आकडा थोडा इकडेतिकडे होतोच. एका माणसाच्या किटलीचा आकडा दीड महिना एका ठिपक्यानेही हलला नव्हता. चेअरमन म्हणाले, चांगला शेतकरी आहे, नीट सांभाळतो. मी म्हणालो, चेअरमन, हे दूध गायीचं न्हाई. शोध घेतला तर तो घरी पावडर आणि तेल मापाने कालवत होता. तेव्हापासून न हलणारा आकडा दिसला की माझा हात थांबतो. चेअरमन पाहुण्यांना माझी ओळख करून देताना हीच गोष्ट सांगतात.

आणि माझ्या स्वतःच्या रक्ताचा आकडा दोन वर्षं जागचा हलला नाही, तर मी पेढे खात होतो.

तीन पॉइंट नऊचा रिपोर्ट घेऊन नगरला गेलो तेव्हा आमचे नेहमीचे सर्जन रजेवर होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी फाइल शेवटून उघडली नाही, पहिल्या पानापासून उघडली. मला ते बरं वाटलं नाही. मागचं सगळं पार पडलेलं आहे, ते कशाला काढायचं. त्या पानं उलटत होत्या आणि मधेच थांबून कागदाच्या कडेला बारीक पेन्सिलीने काहीतरी लिहीत होत्या.

बाईंनी न राहवून सांगितलं, "डॉक्टर, त्याचा सीए १९-९ फारच उत्तम आहे. दोनच्या आत. कायम."

"कायम म्हणजे?"

"दोन वर्षं."

डॉक्टरबाईंनी फाइलचं एक जुनं पान आमच्याकडे फिरवलं. ऑपरेशनच्या तीन आठवडे आधीचं होतं. तेव्हा मी खाटेवरून उठू शकत नव्हतो, बाईंची धावपळ चालली होती, ते पान आम्ही दोघांनी कधी पाहिलंच नव्हतं. तिथे सीईए एकवीस होता. आणि त्याच्या खालच्या ओळीत, दोनच्या आत.

"हे बघा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "त्या दिवशी गाठ पोटात होती. चांगली मोठी होती. तरी हा आकडा एवढाच होता."

बाई म्हणाल्या, "म्हणजे?"

"काही माणसांच्या रक्तात हा पदार्थ जन्मापासून बनतच नाही. शंभरात थोडेच असतात, पण असतात. त्यांना आजार असो, नसो, हा आकडा असाच तळाला राहतो. काकांचं तसंच दिसतंय. यांच्या बाबतीत या तपासणीतून आपल्याला काहीच कळत नाही. चांगलं पण नाही आणि वाईट पण नाही."

"पण सदतीसपर्यंत..." मी म्हणालो.

"ते इतरांसाठी."

मी मान हलवली. समजल्यासारखी मान हलवायची मला सवय आहे, शाळा सोडलेल्या माणसाला ती लागतेच. पण हे मला खरोखर समजलं होतं. तिथे बसलेल्या तिघांत माझ्याइतकं कोणालाच समजलं नसेल. पावडरचं दूध ओळखणारा मी, आणि दोन वर्षं स्वतःच्या नळीखाली रिकामी किटली धरून बसलो होतो.

मग त्यांनी कडेला पेन्सिलीने लिहिलेलं दाखवलं. एक आठ, दोन तीन, दोन दोन, तीन एक, तीन नऊ. पाच टिंबं आणि त्यांना जोडणारी रेघ. रेघ मधे एकदा जराशी वाकली होती, पुढे नुसती चढत गेली होती.

"हा सीईए मात्र तुमच्यात बोलतो. गाठ होती तेव्हा वर होता, काढल्यावर खाली आला. अजून पाचच्या आत आहे, मान्य. पण मला तो कुठे आहे यापेक्षा कुठे चाललाय ते बघायचंय. तंबाखू खाता का? विडी?"

"नाही."

"वजन?"

"पावणेपंचावन्न. आमच्या काट्यावर."

"मागच्या वेळी?"

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. एकट्या आकड्यावर आम्ही काही ठरवत नाही, असं त्या म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. एक महिन्याने परत रक्त, त्याच लॅबमध्ये, त्याच मशीनवर, आणि त्याच आठवड्यात सीटी स्कॅन. लॅब बदलू नका, एका मशीनचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. हे मला सांगायची गरज नव्हती.

परतीच्या एस्टीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. राहुरी मागे पडली. मग म्हणाल्या, "मी शिक्षिका. मुलाने उत्तर बरोबर काढलं तरी रीत तपासायचे. इथे मी उत्तर वाचलं आणि लाल पेनने बरोबर करून मोकळी झाले."

"बाई, तुम्ही नसता तर मी दोन वर्षांपूर्वीच गेलो असतो."

"ते निराळं आणि हे निराळं. दोन्ही एकात घालू नकोस."

"सर्जन तर सीईए बघतच होते."

"ते बघत होते रे. आपण बघत नव्हतो." त्यांनी पर्समधून माझ्यासाठी आणलेली राजगिऱ्याची वडी काढली, तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "खा. दोन तास झाले."

मी खाल्लं. जठर गेल्यापासून भूक अशी लागतच नाही, घड्याळ बघून खायचं. बाहेर उसाच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या होत्या आणि मला सारखं वाटत होतं की आत कुठेतरी काहीतरी हळूहळू मोजलं जातंय आणि मोजणारा मी नाही.

तो महिना कसा गेला, ते नीट सांगता येत नाही. काम चालू होतं. नळीखाली नमुना धरताना मी काचेकडे बघायचो आणि क्षणभर तिथे कोणाचा आकडा येणार याचीच धास्ती वाटायची. एका शेतकरणीच्या गाईच्या दुधाचा फॅट एकदम दोन ठिपक्यांनी वर आला तर मी तिला उगाच म्हणालो, "वैनी, गाय बरी हाय ना?" ती म्हणाली, "सरकी पेंड घातली, दादा. वाढला तर तोंड का पाडता?" पोटात जरा गुरगुरलं की मी उभाच राहायचो. बरगडीखाली दाबून बघायचो. दाबून दाबून तिथे दुखायलाच लागलं, मग ते दुखणं दाबल्याचं की आतलं, हे कळेना.

बाईंनी कॅलेंडरची पानं काढली नाहीत. लाल अक्षरं होती तशीच होती. फक्त जेवणाआधी त्या प्रार्थना करतात, तिथे पूर्वी त्या माझ्यासाठी आभार मानायच्या, त्या महिन्यात नुसतं माझं नाव घेऊन थांबायच्या. मी देवळात जाणारा माणूस, पण त्या डोळे मिटतात तेव्हा मीही हात जोडतो. त्या किती वेळ थांबतात हे मी मोजायला लागलो होतो.

स्कॅन आधी झाला. यकृत साफ, फुप्फुसं साफ, जोडलेल्या आतड्याची जागा साफ. भाचीने फोनवर वाचून दाखवलं तेव्हा बाई खुर्चीत बसल्या आणि पदराने मान पुसत राहिल्या. पेढे आणायचं कोणीच काढलं नाही. दुसऱ्या दिवशी चारनंतर रक्ताचा रिपोर्ट आला. मी तो डेअरीच्या मागे, कॅन धुवायच्या हौदाशी उघडला, एकट्याने. सीईए सहा पॉइंट चार.

नगरला आमचे सर्जन रजेवरून आले होते. त्यांनी डॉक्टरबाईंची पेन्सिलीची रेघ पाहिली, तिला आणखी एक टिंब जोडलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"स्कॅन तर चांगला आहे ना, साहेब?"

"चांगला आहे. पण पोटाच्या आतल्या अस्तरावर अगदी बारीक काही असेल, मोहरीहून लहान, तर ते स्कॅनला दिसत नाही. आकडा कधी कधी चित्राच्या काही महिने आधी चढतो. कधी कधी दुसऱ्याच कारणाने चढतो आणि उतरतो. मी आत्ता खोटं काही सांगणार नाही."

"मग औषध?"

"आकड्याला औषध देत नाही आम्ही. आजार दिसला पाहिजे. सहा आठवड्यांनी परत रक्त आणि स्कॅन. तेव्हाही चढलेला असेल तर पोटात दुर्बीण घालून बघू." मग फाइल मिटून, "घरी कोण असतं तुमच्या?"

मी बाईंकडे बघितलं. ते म्हणाले, "त्या तर आहेतच. मी गावाकडचं विचारतोय."

दोन वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं.

गावाकडे माझी थोरली बहीण आहे. आई गेल्यावर तिनेच मला मोठं केलं. तिला मी अल्सरचं ऑपरेशन सांगितलं होतं. आजार परत न येता पाच वर्षं पूर्ण झाली की स्वतः जाऊन सगळं सांगायचं, हसत सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. दर गणपतीला ती येतोस का विचारायची आणि मी डेअरीला सुट्टी नाही म्हणायचो. पाच वर्षांचं ते गणित आता माझ्या हातात राहिलं नव्हतं. सर्जनांच्या त्या एका प्रश्नाने ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध संपल्यावर फोन लावला. सगळं सांगितलं. कॅन्सर, जठर, दोन आकडे, त्यातला एक मुका निघाला ते. शेवटी म्हणाली, "माका खोटा कित्याक सांगितलंस?"

"तू रडशीत म्हणान."

"मगे आता कित्याक सांगतस?"

मी म्हणालो, "सहा पॉइंट चार झाला, ताय."

"म्हणजे कितको वायट?"

"अजून कोणाकच ठावक नाय."

पलीकडे कोंबड्या ऐकू येत होत्या. मग ती म्हणाली, "उद्याच्या गाडयेन येतंय मी. थंय उतरान खंय येवचा ता सांग."

मी बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी आतल्या खोलीतला पलंग मोकळा करायला घेतला, उशीचा अभ्रा बदलला आणि हातात अभ्रा धरूनच विचारलं, "तुझ्या बहिणीला आमच्या चुलीवरचं चालतं ना रे? आधी कधी विषय निघाला नाही."

"चालेल, बाई. नाही चाललं तरी तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मी कशाला लावून घेऊ? तिची वेगळी भांडी काढून ठेवते. पेज कशी करतात ते मात्र तिच्याकडून शिकून घेईन. माझी गुरगुट्या भातासारखी होते, तू दोन वर्षं मुकाट्याने खातोयस."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी संगमनेरच्या स्टँडवर गेलो. पुण्याहून येणारी गाडी उशिरा आली. बहीण मागच्या दाराने उतरली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तांदळाचं बोचकं. जगातल्या प्रत्येक माणसाला, अगदी पोस्टमनलासुद्धा, 'बारीक झालंस' असं पहिलं म्हणणारी ही माझी ताय. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं. बोचकं घ्यायला मी हात पुढे केला तर तिने ते मला दिलं नाही.

"बाई खंय आसत?" तिने विचारलं. "माका आधी तेंका भेटूचा हा."

आणि ती माझ्या पुढे चालायला लागली, रस्ता माहीत नसताना.